क्षीण

सोनेगावच्या ऑफिसातून निघताना साहेब एवढंच म्हणाले,
वारा सरळ होता की फिरता, ते बघून ये.

म्हणून कुहीच्या पुढे, जीपचा रस्ता संपतो तिथे उतरून
होकायंत्र, पन्नास मीटरची टेप आणि वही घेऊन
मी झाडं कुठे तोंड करून पडली ते लिहितो आहे.

बाभूळ, ईशान्येला.
कडुनिंब, ईशान्येला. उपटलेल्या मुळांत ओली माती,
मातीत एक गांडूळ, त्याच्यापर्यंत बातमी पोचलेली नाही.
हिवर, जरासा उत्तरेला.
विजेचा खांब धरायचा नाही,
तो दोन वर्षांपासूनच तसा आहे म्हणे.

टेपचं दुसरं टोक कोतवाल बकाराम नान्हेच्या हातात.
पट्ट्याची रुंदी अडतीस मीटर.
अडतिसाच्या आत गोठ्याला छप्पर नाही.
एकोणचाळिसाव्यावर दोरीला लुगडं वाळतंय,
एक चिमटा निसटलेला नाही.
"सिद्दा गेला जी," बकाराम म्हणतो,
"कोर्टाची तारीख असल्यावानी.
इकडं नाई पायलं, तिकडं नाई पायलं."

चिंचेच्या फांदीला टिनाचा पत्रा गुंडाळलाय,
पोट्ट्याच्या मोडलेल्या हाताला प्लास्टर घालावं तसा.
त्यावर खडूनं लिहिलेलं अजून वाचता येतं:
दूध दोन, उधार एक.

पण फिरल्याची खूण मिळेना.
एका अंगाला पडलेली झाडं
सरळ वाऱ्याचीही असू शकतात.

मग सातरा आला.

ताडपत्र्या गेलेल्या. जमीन लाल.
पलीकडे शाळेची खोली, पावसानं भिजलेली,
आणि तिच्या चारही भिंतींना चिकटलेली मिरची,
सालं, बिया,
वाऱ्याला पाठ असलेल्या भिंतीलासुद्धा.
मी लिहिलं: फिरता.
आणि शिंकलो, एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं.

सावलीत सहा बाया बसल्या होत्या.
पंचफुला गजभिये म्हणाली,
"आंदी तो दिसतच नोयता. नुसता आवाज.
सातऱ्यात शिरला अन् लाल झाला.
आमच्या मिरचीनं त्याले आंग देल्लं."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, केवढा होता?
मी सांगितलं, प्रतवारीत सगळ्यात खालचा.
कागदावर आम्ही त्याला क्षीण म्हणतो.

बाया एकमेकींकडे बघून हसल्या,
पदर तोंडाला, डोळे आधीच लाल.
"मंग आमची मजुरी कोन्त्या नंबरात बसते?"

सकाळपासून देठ खुडत होत्या.
पाचला काटा व्हायचा. तो आला चार चाळीसला.
काट्याचं एक पारडं नाल्यात सापडलं, दुसरं नाही.
मालकाची मिरची तलाठ्यानं लिहून नेली, अकरा क्विंटल.
त्यातली खुडलेली किती, बिनखुडलेली किती,
असा रकाना पंचनाम्यात नसतो.

"तुमी तं झाडाच्या पडण्यावरून वारं मोजता ना?"
पंचफुला उठली, आणि
बसली होती तेच पोतं माझ्यापुढं सरकवलं.
देठांचं पोतं.
सहा जणींच्या दिवसभराचे देठ,
तिच्या वजनाखाली राहिलेले.

मी एक मूठ काढून मोजली. दोनशे अकरा.
मग बकारामनं मुठी मोजल्या,
चुकला, पहिल्यापासून मोजल्या.
ऊन कलेपर्यंत जीपवाला हॉर्न देत राहिला.

आज साहेबांनी अहवाल चाळला.
पट्टा, दिशा, प्रतवारी, माना हलवत सही केली.
चौदाव्या पानाशी थांबले.
"देठ? हे देठ कशाचे?"
पान डोळ्यांजवळ नेलं,
आणि मी सांगणार
तेवढ्यात त्यांना शिंक आली.